संत्रं सोलताना कापलेलं बोट

नागपूर स्टेशनवर आम्हाला सोडायला आलेल्या बाबांच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "संत्रं सोलून राहिलो होतो, कापलं." नागपुरात वाढलेला, चाळिशी ओलांडलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर मी, संत्रं नखानं सोलतात हे मला तेव्हा आठवलं नाही. गाडी हलली. माझी बायको शालिनी रडत होती आणि मी तिला मुंबईहून मस्कतचं विमान किती वाजता आहे ते समजावत होतो.

सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. माझ्याकडे दोन ऑफर होत्या. एक मस्कतची: पूल, पाण्याच्या टाक्या, एसी क्वार्टर. दुसरी नागपुरातलीच: सावनेरकडच्या कोळसा खाणींची बांधकामं डिझाइन करणारी कंपनी, पद मोठं, डबा घरचा. आई नुकतीच गेलेली. आम्ही निघालो की कामठीच्या शाळेतून निवृत्त झालेले बाबा घरात एकटे. लोकांच्या छतांचं ओझं कुठल्या खांबावर टाकायचं हे मी झोपेतही सांगितलं असतं. हे ओझं कुठे टेकवावं, काही सुचेना.

मग इंजिनिअरलाच सुचेल असा मूर्खपणा केला. आमचं घर मीच डिझाइन केलेलं, त्यामुळे बैठकीच्या भिंतीला भेग होतीच. नागपूरची काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते. भेगही तशीच उघडते, मिटते. भेग अजून हलते आहे का, हे बघायला आम्ही इंजिनिअर तिच्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवतो. हलली की काच तडकते. तशी पट्टी लावून मी बाबांना ऐटीत सांगितलं, "निघायच्या दिवसापर्यंत तडकली, तर राहतो. नाही तर जातो." बाबा "बरं" म्हणाले आणि चहा प्यायले.

रोज सकाळी तोंडात ब्रश धरून मी भिंतीसमोर उभा. मार्चचं ऊन तापलं तरी काच शाबूत! स्वतः घातलेल्या पायाचा मला चक्क अभिमान वाटला.

मस्कतच्या क्वार्टरखाली खडक होता. भिंती जागच्या जागी, भेग औषधालाही नाही. तुमच्यापैकी जे असे लांब गेलात त्यांना कळेल, एसी छान चालायचा, आणि मला भिंतीकडे बघून करमायचं नाही.

पहिल्या सुट्टीत आलो, तर माझ्या पदवीच्या फोटोला काच नव्हती. माझ्या तोंडावर धूळ. भेगेवरची पट्टी मात्र चकचकीत, आणि मी लावलेलीपेक्षा चांगली रुंद. मी बाबांच्या बोटाकडे पाहिलं. व्रण होता.

"बाबा, काच तडकली होती?"

"तू निघाला त्याच्या आदल्या दिवशी. तू बॅगा भरून राहिला होता."

"मग बदलली कशाला?"

"काच चांगली दिसली की तुझं तोंड खुलत होतं गा. तुले जायचं होतं, दिसत नव्हतं का मले?" मग म्हणाले, "पण रोज भिंतीले इचारून राहिला होता. मले एकदा तरी इचारायचं."

शालिनी हसली. मीही हसलो, पण जरा उशिरा.

यंदा पुन्हा दोन ऑफर आल्या: मस्कतमध्येच बढती, नाही तर नागपूरची तीच जुनी कंपनी. सुट्टीत घरी गेलो. भेगेकडे पाठ करून बसलो आणि विचारलं, "बाबा, परत येऊ का?"

बाबा संत्रं सोलत होते. नखानं. अर्धं माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "ये. येताना फोटोले काच आणजो."

आता मस्कतमध्ये सामान बांधतो आहे. काच साड्यांच्या घडीत गुंडाळली आहे. फोटोचं माप घ्यायला इंजिनिअरसाहेब विसरले, म्हणून मोठीच आणली. उरलेल्या तुकड्याची पट्टी होईल. भेग आहे, घरही आहे. उन्हाळ्यात दोन्हींकडे बघायला मी तिथे असेन.