मामाचा पहिला आकडा

जामखेड तालुक्यात माझ्या मामाइतकी पाईपची पारख कोणालाच नाही, असं मी खात्रीने म्हणते. तालुका मी सगळा पाहिलेला नाही, पण मामाने पाहिला आहे आणि त्याचंही मत हेच आहे. बोअरमधल्या मोटारी वर काढणं, पाईपलाईन जोडणं हा त्याचा धंदा. पाईप हातात आला की तो आधी अंगठ्याने दाबणार, मग वाकवून बघणार, मगच तोंड उघडणार. ही सवय पाईपपुरती राहिली असती तर बरं झालं असतं. तो बाजारातलं कलिंगड दाबतो, एसटीत चढण्याआधी टायर दाबतो, आणि माझ्या मावसबहिणीला पाहायला आलेल्या मुलाचा दंडही त्याने दाबला होता. "माल चांगला हाय," त्याने भर बैठकीत निकाल दिला, "फकस्त उन्हात ठिवू नका." लग्न जमलं, पण तो जावई अजून मामाच्या हाताच्या अंतरावर बसत नाही.

मामाच्या पिशवीत पाईपचे दोन तुकडे कायम असतात. एक नवा, दाबला की दबणारा. दुसरा कितीतरी उन्हाळे सोसून दगड झालेला. गिऱ्हाईक जुनी लाईन बदलायला कां-कू करू लागलं की दोन्ही त्याच्या हातात. "मोटार चालू केली की नरम पाईप जरा फुगतो, पाण्याचा झटका गिळतो. कडक पाईप गिळत न्हाई. मग झटका कुनाला?" उत्तरही तोच देणार. "मोटारीला! ती बिचारी बोलत न्हाई, एक दिवस बसती."

आमच्या घरात सातवीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मामानेच मला कॉलेजसाठी आपल्याकडे आणलं, त्यामुळे जगातलं सगळं मला कळतं अशी त्याची समजूत आहे. आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी घरी येऊन त्याचं बीपी मोजून त्याला दवाखान्यात पाठवलं, रोजची गोळी सुरू झाली, घरात मशीन आलं, तेव्हा वही माझ्याकडे आली. "तू कालेजात हाय. तुझं अक्षर डाक्टर मानतील."

गोळी मात्र मामाच्या लेखी पान्यासारखी होती. नट घट्ट झाला की पाना पिशवीत. डोकं दुखलं तर गोळी, नाहीतर डबीत. तपासणीच्या आधी तीन दिवस तेवढी नेमाने घ्यायचा. "डाक्टरचा मान राखाया नको व्हय?"

"आवं, डाक्टर काय तुमच्या छातीत ऱ्हायला येनार हायेत?" मामी म्हणायची.

दर रविवारी सकाळी आम्ही मोजायला बसायचो. वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर. "खोड ते. मशीन अजून गार हाय." पुन्हा दंडाला पट्टा. एकशे सत्तर. "तुझी मामी मधी बोलली." पुन्हा पट्टा, आता डोळे मिटून, देवासमोर बसल्यासारखं. असं करत कधीतरी एकशे पन्नासच्या आतला आकडा यायचाच. "हां! हा लिही." मी लिहायची. मला कळत होतं. पण ज्याने मला शिकायला आणलं त्याला खोटं कसं म्हणायचं, ते मला सुचत नव्हतं. दवाखान्यातले डॉक्टर वही पाहून मान डोलवायचे आणि गोळी तीच ठेवायचे.

यंदा उन्हाळ्यात एका बोअरवर पाईप ओढता ओढता मामा खाली बसला. धाप थांबेना. आम्ही त्याला नगरला नेलं, हृदयाचा इको काढला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, "रक्तवाहिन्या कडक झाल्यात. त्यांच्यातून रक्त ढकलून ढकलून हृदयाची भिंत जाड झालीय."

मामाचा चेहरा उजळला. "जाड म्हंजी मजबूत ना, सायेब?"

"नाही हो. जाड भिंत सैल पडत नाही. हृदय नीट भरत नाही, म्हणून धाप."

मामाचा हात पिशवीत गेला. त्याने तो कडक तुकडा बाहेर काढला, बराच वेळ पाहिला आणि परत ठेवला. डॉक्टर वही चाळत होते. "आकडे तर बरे दिसतात. हे लिहिलं कोणी?"

मी वहीकडे पाहिलं.

"मीच," मामा म्हणाला.

मामाला सही करायला दोन मिनिटं लागतात. वहीत माझं अक्षर होतं, समास आखून लिहिलेलं. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. 'मी लिहिलं' एवढंही मला बोलता आलं नाही.

आता मामा रोज गोळी घेतो. पाईप उचलत नाही, गावातल्या पाईपच्या दुकानापुढे खुर्चीवर बसतो आणि दुसऱ्यांनी आणलेले पाईप दाबून देतो. मी येतील ते सगळे आकडे लिहिते, पहिल्यापासून. परवाच्या रविवारी पट्टा बांधण्याआधी त्याने मनगट माझ्यापुढे केलं.

"दाबून बघ. नरम हाय का गं?"

कडक झालेलं पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, पुढचं जपायचं, असं डॉक्टर म्हणाले होते. मामाने शिकवला तसा मी अंगठा ठेवला. मनगटावरून मला काय कळणार होतं? पण विचारत तो मलाच होता.

"कडक आहे, मामा."

"हां," तो म्हणाला. "याच्यासाठीच तर तुला शिकाया आनली."

मी अंगठा काढला नाही. आत झटके बसत होते, आणि ते कुणाला बसतायत हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.