वारुळामागचे रक्त

तो मोहफुलांचा हंगाम माझ्या मनातून अजून गेलेला नाही. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षेच झाली होती आणि मी धानोऱ्याकडच्या एका लहान ठाण्याचा ठाणेदार होतो.

एका सकाळी जवळच्या गावचा पोलीस पाटील सायकलवरून आला. पहाटे मोह वेचायला गेलेल्या एका बाईच्या खांद्यातून गोळी आरपार गेली होती. आमच्या जीपमधून तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात पाठवले.

पाटलाने संशयही सांगितला. बाईच्या शेजारी राहणारा एक म्हातारा मोहाच्या झाडावरून तिच्याशी कायम भांडायचा, आणि त्याच्या घरात ठासणीची जुनी बंदूक होती. तिला तिकडे भरमार म्हणतात. दुपारच्या आत मी भरमार जप्त करून म्हाताऱ्याला अटक केली. पावसाळ्यापासून बार भरलाच नाही, एवढेच तो म्हणत राहिला. असे सगळेच म्हणतात, म्हणून मी लक्ष दिले नाही. कोर्टाने कोठडी दिली.

पंचनामा मात्र जुळेना. झाडापासून तीसेक पावलांवर एका वारुळामागे पाला दबलेला होता. गोळी तिथूनच सुटली असणार. त्या पाल्यावर रक्ताचे वाळलेले थेंब होते. बाई तर झाडाखाली पडली होती. मग मारणाऱ्याच्या जागी रक्त कोणाचे? म्हाताऱ्याच्या अंगावर ओरखडाही नव्हता.

दोन दिवसांनी बाई बोलण्याजोगी झाली. मी म्हाताऱ्याचे नाव काढताच तिने मान हलवली.

"भांडते तो, साहेब. पण पाठीमागून मारणारा नाई. त्याले सोडा."

त्याच दिवशी मुख्यालयातून शस्त्रांची पारख असलेले एक वयस्क हवालदार आले. त्यांनी भरमारीच्या नळीत पाहिले. आत गंज आणि कोळ्याचे जाळे होते. मग मी त्यांना रक्ताचे थेंब सांगितले. ते म्हणाले, "मारणाऱ्याच्या भुवईवर पाहा साहेब. अर्धचंद्रासारखी जखम सापडंल."

रायफलवर दुर्बीण बसवली की डोळा आणि काच यांत निदान चार बोटे अंतर ठेवावे लागते, असे त्यांनी समजावले. नवखा माणूस डोळा काचेला भिडवतो. बार सुटला की रायफल मागे येते आणि दुर्बिणीची कड भुवई फाडते.

ही माहिती मी आसपासच्या दवाखान्यांत पोचवली. दुसऱ्याच दिवशी एका खेड्यातला कंपाउंडर स्वतःहून आला. नाव फुटेल म्हणून तो घाबरला होता. घटनेच्या सकाळी त्याने एका बांबू ठेकेदाराच्या भुवईला टाके घातले होते. दार लागले, असे ठेकेदाराने सांगितले होते.

ठेकेदाराकडे परवान्याची रायफल होती, वर नवीकोरी दुर्बीण. शहरातल्या दुकानात सर्वांत मोठा आकडा पाहून त्याने ती घेतली होती. बारापट मोठे दाखवणारी. हवालदारांनी ती हातात फिरवली. "ही मोकळ्या माळावरची काच आहे. इथी झाडीत पन्नास पावलांपुढं दिसतेच काय? चारपट पुरते, त्याहून कमी असंल तर आणखी बरं. जेवढं मोठं दाखवते तेवढंच थोडं दाखवते ही."

चौकशीत ठेकेदार 'दार लागले' यावरच अडून बसला. मी आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताना त्याला ठाण्याच्या ओसरीत आणले. रिकामी रायफलसुद्धा माणसाकडे रोखायची नाही, म्हणून हवालदारांनी दुर्बीण उतरवून त्याच्या हाती दिली. अंगणाच्या टोकाशी, तीसेक पावलांवर, आमची झाडूवाली बाई वाकून झाडत होती. काय दिसते, असे मी विचारले.

"काही तरी काळं हालून राह्यलं," तो म्हणाला. "समजत नाई."

"आता काच बाजूला करा."

त्याने दुर्बीण खाली घेतली. बराच वेळ तो त्या बाईकडे पाहत राहिला. मग ओसरीच्या पायरीवर बसला आणि चेहरा झाकून रडू लागला. रानडुक्कर समजून त्याने बार टाकला होता. किंकाळी ऐकल्यावर बाई आहे हे कळले, आणि तो पळाला होता.

वकिलाने नाकारायचा सल्ला दिला होता, तरी ठेकेदाराने कोर्टात गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली, परवाना गेला. त्याची ती कबुली मला आजही मोलाची वाटते. बाईचा हात हळूहळू वर जाऊ लागला आणि पुढच्या हंगामात ती पुन्हा मोह वेचायला गेली. पुढे परवाना नूतनीकरणाच्या दिवशी ते हवालदार तासभर शिकवू लागले: दुर्बीण कोणती घ्यावी, डोळा किती लांब ठेवावा, आणि काय आहे ते आधी उघड्या डोळ्यांनी ओळखल्याशिवाय रायफल उचलू नये.

त्याआधीच, ठेकेदाराने ठाण्यात कबुली दिल्यावर, म्हाताऱ्याला सोडवून मी स्वतः त्याच्या गावी नेले आणि चूक माझी होती, हे चार माणसांसमोर सांगितले. तो म्हणाला, "तुमी घरी आणून सोडलं मले. बस झालं."

मला बस झाले नाही. भांडण आणि बंदूक एवढ्यावर मी एका दिवसात माणूस आत टाकला होता, आणि जिला गोळी लागली ती बोलेपर्यंत थांबलो नव्हतो. त्यानंतर बदली कुठेही होवो, मी आधी जखमी माणसाच्या खाटेजवळ बसू लागलो. संशयिताच्या दारी त्यानंतर जायचो.