पाणी न घेणारा पाहुणा

वडगावच्या विणकर आळीत ताण्याच्या, म्हणजे मागावर चढवायच्या उभ्या धाग्यांना खळ लावायची ती रस्त्यावरच. ऊन चढायच्या आत काम उरकायचं, म्हणून शेजारपाजारची सगळी माणसं हाताशी यायची. खळीचा कुंचा एकदा फिरू लागला की थांबायचं नाही. थांबलं की धागे एकमेकांना चिकटले आणि सगळा ताणा वाया. हात चालते राहायला गोष्ट लागायची, आणि गोष्ट म्हटली की भरमू.

त्याची गोष्ट एकच. हरवलेला बैल न बघताच तीन भाऊ ओळखतात. गवत एकाच बाजूचं खाल्लंय, म्हणजे एका डोळ्यानं आंधळा. एक खूर फरफटलाय, म्हणजे लंगडा. राजा आधी त्यांनाच चोर ठरवतो. भरमूच्या बापानं ती निपाणीच्या तंबाखूच्या गाडीवानांकडून ऐकली, तेव्हा तिच्यात उंट होता. आता वडगावात उंट पाहिला होता कुणी? भरमूनं त्याचा बैल करून टाकला. कुणाचं काही अडलं नाही.

एका साली त्याची एकुलती लेक जयवंता निपाणीला सासरी दिवस भरत आलेली होती. पहिलं बाळंतपण माहेरचं. पण भरमूच्या घरात बाईमाणूस उरलं नव्हतं, म्हणून त्यानं तिला आणलं नाही. निरोपाची वाट मात्र रोज बघायचा.

एका सकाळी गोष्ट राजापर्यंत आली आणि आळीच्या तोंडाशी जावयाचे चुलते तम्मण्णा दिसले. मोटारीनं धूळ खात आलेला माणूस, ओठ सुकलेले. शेजारच्या गुणाबाईनं तांब्या पुढं केला, त्यांनी हात जोडून नको म्हटलं. बाळ झालं की साखर घेऊन येतात. यांचे हात रिकामे. मयताचा सांगावा आणणारा त्या घरचं पाणी घेत नाही, हे आळीत पोरासोरांनाही ठाऊक.

भरमूचा कुंचा थांबला नाही.

“कळलं मला, पावनं,” तो म्हणाला. “दोघंबी?”

तम्मण्णांनी होय म्हणून मान हलवली. भरमूनं गोष्ट शेवटापर्यंत सांगितली, राजाकडून भावांना पागोटी बांधवली. बाकीच्यांचेही हात चालत राहिले. ताणा चांगला वाळला.

आळीनं हे चार ठिकाणी सांगितलं. भरमूनं कसं ओळखलं, याचंच सगळ्यांना नवल.

पुढं कितीतरी वर्षांनी तो संकेश्वरच्या बाजारात लुगडी घेऊन बसला होता. शेजारी एक गाडीवान गोष्ट रंगवत होता. बैल तोच, पण भाऊ आता चार झाले होते. चौथा भाऊ पाणी न घेणारा पाहुणा बघतो आणि घरातलं मरण ओळखतो. लोक खूश झाले. लई डोकं, असं एकजण म्हणाला.

“मेलं कोन त्यात?” भरमूनं विचारलं.

गाडीवानानं जरा आठवून बघितलं. “त्ये काय न्हाय गोष्टीत, अण्णा.”

“पोरगी हुती. जयवंता नाव तिचं.”

“आसंल की,” गाडीवान म्हणाला, आणि राजा पागोटं बांधतो तिथून पुढं सांगू लागला. भरमूही ऐकत बसला.