विकलेल्या जीपनं आज माही कार ओढली

गड्याहो, सोतावरच चिडून बसलो.

बाबाची जुनी जीप मी त्याइले न विचारता किन्हीराजा गावच्या साहेबरावले विकली अन् टर्बो इंजिनची नवी कार घेतली. आज तिच्यातच बाबाले वावरात घेऊन चाललो होतो. पांदणीच्या रस्त्यात ओलिताचं पाणी आलेलं. काळ्या मातीत कार पोटावर बसली. एक्सिलेटर दाबला की अजूनच रुतून राह्यली.

शेवटी साहेबरावले फोन केला. तो तीच जीप घेऊन आला, दोर बांधला अन् एका झटक्यात कार बाहेर काढली.

"बाबा, बसा, आता घरी जाऊ," मी म्हटलं.

बाबा जीपमंदी चढून बसले. म्हणाले, "तू हो पुढं. मी माह्या गाडीनं येतो."

साहेबराव माह्याकडं पाहून राह्यला. आता घरी पोचल्यावर बाबाले 'उतरा' कोन्या तोंडानं म्हणू, सांगा?