लूमच्या खडखडाटातला आवाज

भूत, भानामती असलं कुणी सांगायला लागलं की मी उठून चहाला जाणारा माणूस. आजही तसाच आहे. पण ९४-९५च्या सुमारास सुरतला जे घडलं ते मात्र तुमच्यापुढे ठेवतो... बघा, तुम्हाला काही उलगडतंय का.

आम्ही दोघं भाऊ मूळचे अमळनेरकडचे. पांडेसऱ्याला एकाच खात्यात — लूमच्या शेडला तिकडे खातंच म्हणतात — दिवसपाळीला होतो. खडखडाट असा की कानाशी ओरडलं तरी कळायचं नाही. एकमेकांचे ओठ बघूनच बोलायचो आम्ही.

तेव्हा मला सुरतजवळच्या चलथाणची सरला दाखवली. वडील तिथल्या साखर कारखान्यात. पोरगी मान खाली घालून बसली. नाव विचारलं, तेही तिच्या मावशीनेच सांगितलं! तरी मला ती फार आवडली. सुपारी फुटली, लग्नाच्या कापडांचा बस्ता कधी फाडायचा याची बोलणी सुरू झाली.

आणि एका दुपारी, सगळे लूम चालू असताना, बाईचा आवाज आला. अगदी स्वच्छ, आमच्या अहिराणीत.

"मनं एकदा ऐकी ल्या. मना जीव तुमना भाऊवर शे."

सवयीने मी आधी ओठ शोधले. पण खात्यात बाई होतीच कुठे? जो तो आपापल्या लूमवर वाकलेला. तेवढ्यात लाइट गेली, खातं गप्प झालं, आवाजही गप्प. लाइट आली, खडखडाट सुरू — आणि पुन्हा तेच, रडवेल्या सुरात. मी चाट पडलो. भीती नाही वाटली हो, खरंच. हे येतंय कुठून, एवढंच डोक्यात.

पाळी सुटल्यावर धाकट्याला, दिलीपला, सरळच विचारलं, तुझं नि सरलाचं काही आहे का. चलथाणला त्याचा मित्र राहायचा, तिकडे त्याच्या चकरा असायच्या. आधी उडवाउडवी केली, मग रस्त्यातच रडायला लागला.

"दादा, तुझी सुपारी फुटल्यावर कोणत्या तोंडाने सांगू?"

सुट्टीच्या दिवशी चलथाण गाठलं. वडिलांसमोरच सरलाला विचारलं. ती बोलली... तोच आवाज! शब्दसुद्धा तेच. हे आधी कुणाजवळ बोलली होतीस का, म्हटलं. तर म्हणे कुणाजवळच नाही. तुम्हाला सांगायचं रोज ठरवायची, पण तोंडातून शब्द निघायचा नाही.

घरच्यांनी मला वेड्यात काढलं, आई तर महिनाभर बोलली नाही. पण शेवटी दिलीप-सरलाचं लग्न लागलं. तो आवाज कसा आला विचाराल, तर कारण आजही माझ्याकडे नाही.

आता मी तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर. आमच्यात सून जेठाशी बोलत नाही. मी दिसलो की ती पदर पुढे ओढते, काही सांगायचं तर दिलीपकरवी. मला ती किती आवडली होती, हे मी कधीच कुणाला बोललो नाही. तिचं न बोललेलं मला ऐकू आलं. माझं तिला कधी ऐकू गेलं का... ते विचारायची सोय नाही.