एकतिसाव्या पानावरची ओळ

अरे, तू जाऊन दीड वर्ष झालं आणि मी अजून तुला पत्र लिहायला बसते. शेजारीण म्हणेल, म्हातारीचं डोकं फिरलं. म्हणू दे. तुझी सात लाल पेनं माझ्याकडे आहेत, त्यातली पाच वाळून गेली. ज्या खेळापायी तू असा खंगलास, त्याबद्दल तुझ्या जिवंतपणी मी तुला धड एक प्रश्न विचारला नाही. "या वयात पत्ते काय कुटतोस?" एवढंच म्हणत राहिले. तुझं तुला सगळं ठाऊकच आहे, तेव्हा पुढचं लिहिते ते तुला न ओळखणाऱ्यांसाठी. त्यात मी जिथे येईन तिथे मला 'थोरली' म्हणणार आहे. 'मी, मी' करणाऱ्या लेखकांची प्रुफं वाचताना तुझ्या कपाळावर केवढ्या आठ्या पडायच्या, ते मी पाहिलंय.

तर हा थोरलीचा धाकटा भाऊ. छापखान्यात चौतीस वर्षं प्रुफं वाचली. शाळेची पुस्तकं, रेल्वेची वेळापत्रकं, औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ते बारीक अक्षरांचे कागद. त्याची एक रीत होती. ओळीखाली पोलादी पट्टी धरायची आणि पान शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायचं, एकेक शब्द उलटा. "अर्थ मध्ये लुडबुड करतो, ताई. अर्थ कळायला लागला की डोळे धावतात आणि चुका निसटतात." अर्थासाठी तो सगळं दुसऱ्यांदा वाचायचा, सरळ. औषधांच्या कागदांत त्याच्या हातून एक आकडा कधी चुकला नाही.

छापखाना बंद पडला त्याच वर्षी बायको गेली. मूलबाळ नव्हतं. घराच्या कोपऱ्यावर खेळण्यांचं दुकान होतं, मागच्या खोलीत चार टेबलं. तिथे मोठी मोठी माणसं रंगीत कार्डं घेऊन दोघं-दोघं समोरासमोर बसायची. प्रत्येकाचा स्वतः जमवलेला गठ्ठा, प्रत्येक कार्डावर एक चित्र आणि खाली ते कार्ड काय करू शकतं त्याच्या दोन-तीन ओळी. हा एकदा काचेतून बघत असताना त्याला तिथे मांडलेल्या एका कार्डावर छपाईची चूक दिसली. ती सांगायला म्हणून आत गेला तो सहा वर्षं बाहेर आला नाही.

खेळण्यात त्याला फारसा रस नव्हता. वाद लागला की कार्ड हातात घ्यायचा, पट्टी धरून मोठ्यांदा वाचायचा आणि निकाल द्यायचा. महिन्याभरात त्याचं नाव 'पंच' पडलं. त्याच्यासाठी लोखंडी खुर्चीवर उशी आली. रविवारी सामने सुरू व्हायच्या आधी सगळे आपापले मोबाइल बिस्किटांच्या डब्यात टाकत आणि डबा पंचाच्या पायाशी राही. पंच बसलेला असताना दुसरीकडे काही शोधायचं नाही, हा त्या खोलीचा शिरस्ता. त्याच्या आयुष्यात त्याचा शब्द कुणी असा मानला नव्हता. घरात तर नाहीच. थोरली बोलायला लागली की तो गप्प बसे.

मग नवीन सेट आला. नवी कार्डं आणि सोबत बदललेल्या नियमांचं चव्वेचाळीस पानी पुस्तक. पंचाने ते तीन दिवस पट्टी धरून वाचलं, चव्वेचाळीस ते एक. एकोणीस चुका काढल्या, लाल खुणांसकट कंपनीला पाठवायला सुबक यादी केली. सरळ वाचायचं राहिलं. म्हणजे राहिलं असंही नाही. सहा वर्षांत नियम पाठ झालेत, आता काय निराळं असणार, असं त्याला वाटलं. चौतीस वर्षांत त्याला असं कधी वाटलं नव्हतं.

त्या रविवारी शेवटचा सामना होता. जिंकेल तो दुसऱ्या शहरात मोठ्या स्पर्धेला जाणार. एका बाजूला चष्मेवाला म्हणून एक कारकून, समोर सिस्टर. ही मोठ्या रुग्णालयात जळितांच्या विभागात नर्स. या एका दिवसासाठी तिने सहा आठवडे दुसऱ्यांच्या पाळ्या केल्या होत्या. डोळ्यांखाली काळं झालं होतं, पण खेळत होती झकास. चष्मेवाल्याचं 'नावाडीण' नावाचं कार्ड तिने पाडलं. त्याने कार्ड उचलून पुन्हा हातात घेतलं. सिस्टरने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"ए, ती गठ्ठ्याच्या तळाशी जाते."

"का म्हणून? छापलंय बघ ढळढळीत!"

"पंचकाका, नव्या सेटमध्ये हे बदललंय ना?"

पंचाने कार्ड घेतलं, पट्टी धरली. "'नावाडीण पडली, तर तिला हातात परत घ्या.' स्वच्छ आहे."

"काका, एकदाच कंपनीची बदललेल्या नियमांची यादी बघू या? डब्यातून मोबाइल काढते, दोन मिनिटं."

असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"सिस्टर, इथे छापलेलं चालतं," पंच म्हणाला.

तिने हात काढून घेतला. नावाडीण पुन्हा टेबलावर आली आणि चार खेळींत सिस्टर हरली. चष्मेवाल्याशी हात मिळवला, कार्डं रबर लावून पर्समध्ये टाकली. "ड्यूटी आहे," म्हणाली आणि गेली.

घरी येऊन पंचाने चपलाही न काढता पुस्तक उघडलं. पान एकतीस. "पडलेलं कार्ड यापुढे हातात येणार नाही. जुन्या कार्डावर तसं छापलेलं असलं, तरी ते गठ्ठ्याच्या तळाशी ठेवावं." शेजारी समासात त्याचीच लाल खूण होती. ओळ दोराभर खाली घसरली होती, ती सरळ करा म्हणून. घसरलेली ओळ त्याला दिसली होती. ती काय सांगते, ते त्याने वाचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तो शटरपाशी उभा. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं.

"काका, निकाल कालच वर कंपनीकडे गेला. आता मागे घेतला तर आपल्याकडची स्पर्धा काढून घेतील. कुणी बोंब मारलीय का? नाही ना? मग तुम्ही कशाला उकरताय?"

"पण ती बरोबर होती."

"असू दे की. खेळच आहे."

पंच घरी परतला. चूक दिसली आणि खूण केली नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

सिस्टर पुढच्या रविवारी आली नाही. त्यानंतरही नाही. बाकीच्यांना आठवड्याभरात कळलंच. यादी बघायला कितीसा वेळ लागतो? कुणी त्याला शब्दाने दुखवलं नाही. मोबाइल मात्र डब्यात पडेनासे झाले, टेबलावर राहू लागले. "पंच, तुम्ही निवांत बसा, आम्ही बघतो यादीत." चौथ्या रविवारी त्या डब्यात दुकानदाराने खिळे भरून ठेवले होते. पंच दोन तास खुर्चीवर बसला, एकानेही हाक मारली नाही. मग उशी सरळ करून घरी आला तो पुन्हा गेला नाही.

खोकला आधीपासून होता. आता त्याने त्याला थोपवायचंही सोडलं. फुप्फुसं गेलीत, डॉक्टर म्हणाले, वेळेवर यायला हवं होतं. थोरलीने त्याला आपल्या मागच्या खोलीत आणलं. ती त्याला दटावून पेज पाजायची, तो दोन चमचे घेऊन तोंड फिरवायचा.

एके दिवशी त्याने उशीखालून पाकीट काढलं. "ताई, एक काम करशील? हे सिस्टरला दे. मोठं रुग्णालय, तिसरा मजला."

"पोस्टात टाकते."

"नको. हातात दे. आणि ती वाचेपर्यंत तिथेच थांब."

थोरलीने स्वयंपाकघरात जाऊन पाकीट उघडलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये वगैरे तिला शिकवू नये. आत कापून काढलेलं एकतिसावं पान होतं. ओळीखाली लाल रेघ आणि त्याखाली त्याच्या मोत्यासारख्या अक्षरात: "तुम्ही बरोबर होतात. पंच चुकला." बस्स. थोरली वैतागली. जिथे माणसं सोलवटून पडलेली असतात, तिथे ही पत्त्यांची चिठ्ठी नाचवत जायचं? खरं तर तिला भावाची लाज वाटली, पण ते ती तेव्हा कबूल करती ना.

"दिलंस?" तो रोज विचारी.

"गुडघा बरा होऊ दे."

"दिलंस, ताई?"

"अरे, तिची पाळी नव्हती आज."

नवव्या दिवशी दुपारी त्याला धड बसवत नव्हतं. तरी ओठ हलले. थोरलीने चादर नीट करता करता सांगून टाकलं, "दिलं बाबा, दिलं."

"वाचलं तिने?"

"वाचलं."

"काय म्हणाली?"

"हसली. म्हणाली, काकांना सांगा, रविवारी भेटू."

तो बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिला. प्रूफ बघायचा तसा, सावकाश. "शब्दन्‌शब्द असंच?"

"शब्दन्‌शब्द."

त्याने मान भिंतीकडे वळवली. नंतर दोन दिवस त्याने काहीच विचारलं नाही आणि तिसऱ्या सकाळी तो गेला.

पाकीट थोरलीच्या शिवणाच्या डब्यात आहे. रुग्णालय घरापासून चालत अकरा मिनिटांवर. गुडघा केव्हाच बरा झाला.