भातात उभा राहिलेला माणूस

"अजून एक पाऊल टाक, मंग बग हा विळा!" मी ओरडले. माझ्या भातात एक अनोळखी माणूस मोबाइलवर फोटो काढत होता. मुळशीत असे फोटो जमिनीचे दलालच काढतात.

"आजी, पीकपाहणीला आलोय. फोटो न्हाई गेला तर रान पडीक लागंल, अनुदान न्हाई मिळायचं."

त्यानं चपला बांधावर काढल्या होत्या. एकही रोप तुडवलं नव्हतं. पण चपला काढल्या म्हणून माणूस खरा ठरत नाही. मी त्याला हाकलला.

चपला घालताना तो म्हणाला, "दलाल पिकाचा फोटो कशाला काढंल, आजी? त्याला मोकळं रानच दावायचं असतं."

दलालही असंच गोड बोलतात.

अनुदान आलं नाही. सातबाऱ्यावर रान पडीक लागलं. त्याच रानातला तांदूळ मी वर्षभर खाल्ला.